रिपोर्ट चांगला, पण बाई दुपारनंतर गळून जातात: मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या थकव्याचं एक प्रकरण

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आजारांत माणसाची रोजची कामं पुन्हा कशी जमतील हे बघणं हे माझं काम. खालचं प्रकरण रुग्णाच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उपचारांचे निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवले आहेत, चुकले तेही.

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत त्या गणित शिकवतात. वय 36. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, इथेही तेच म्हणते. घरी नवरा, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा.

पाच वर्षांपूर्वी बाईंच्या उजव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा आला होता. डोळा फिरवला की दुखायचा. काही आठवड्यांत नजर बरीचशी परत आली आणि विषय तिथेच राहिला. दोन वर्षांनी डावा पाय बधिर आणि जड झाला, तेव्हा एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत डाग दिसले. निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झटके येऊन, म्हणजे लक्षणं अचानक उफाळून, ओसरणाऱ्या प्रकारातला. या आजारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते आणि तंतूंतून जाणारा संदेश मंदावतो किंवा अडतो. बाईंना झटके रोखण्यासाठी डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या दिवसातून दोनदा सुरू झाल्या. पुढे दीड वर्ष एकही झटका आला नाही, नवा डाग दिसला नाही. न्यूरॉलॉजिस्टच्या दृष्टीने आजार आटोक्यात होता.

अडचण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाई माझ्याकडे आल्या त्या नोकरी सोडायचा अर्ज लिहून. अर्ज पर्समध्येच होता. तिसऱ्या तासानंतर फळ्यावर गणित सोडवताना मधली पायरी हरवायची, शब्द जिभेवर येऊन अडकायचा. चार वाजता स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकल्याशिवाय घरी जायची ताकद यायची नाही. त्यांचं एक वाक्य मी तसंच लिहून ठेवलं: "मॅडम, हे दमणं नाही. दमलं की झोपून उठल्यावर बरं वाटतं. मी उठते तेव्हाच संपलेली असते."

आपल्याकडे थकवा हा शब्द फार ढिला आहे. शेतात राबून येणारा शीण, तापातली अंगमोड आणि एमएसमधलं हे गळून जाणं, सगळं त्या एकाच शब्दात बसवलं जातं. एमएस असलेल्या साधारण चारपैकी तिघांना हा त्रास होतो, आणि नोकरी सुटायच्या मोठ्या कारणांत तो गणला जातो. तरी बाहेरून काही दिसत नाही. सासूबाईंचं म्हणणं त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं: "आम्ही बी वावरातून येऊन सैपाक केला. थकवा कोनाले येत नाही बापा?" त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. सून चालते, बोलते, स्कूटी चालवते, मग आजार आहे कुठे, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

फटिग सिव्हिअरिटी स्केल ही 1989 पासून वापरात असलेली नऊ वाक्यांची प्रश्नावली. प्रत्येक वाक्याला 1 ते 7 गुण, आणि सरासरी 4 किंवा जास्त आली की थकवा लक्ष देण्याजोगा मानतात. बाईंचे 63 पैकी 55 गुण झाले, सरासरी 6.1.

पहिला निर्णय: औषध आधी की तपास आधी

बाईंना गोळी हवी होती. तशी मागणी गैर नाही. थकव्यासाठी मोडाफिनिल आणि अमँटाडिन वर्षानुवर्षं दिली जातात, आणि ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही त्यांचा विचार करायला वाव ठेवला आहे. पण 2021 मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त एक चाचणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर 141 जणांना अमँटाडिन, मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट आणि निव्वळ दिखाऊ गोळी अशी आळीपाळीने प्रत्येकी सहा आठवडेपर्यंत दिली. तिन्ही औषधं दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत आणि दुष्परिणाम मात्र जास्त झाले. न्यूरॉलॉजिस्टनी हे बाईंना समजावलं. औषध कायमचं नाकारलं नाही, आधी थकव्याचे धागे सुटे करू असं ठरलं.

एमएसमधल्या थकव्याचा एक भाग आजाराचाच असतो. तंतूंची दुरवस्था, मेंदूतली सूज, आणि तेवढ्याच कामासाठी मेंदूला जास्त भाग कामाला लावावे लागणं. दुसरा भाग आजूबाजूच्या गोष्टींतून येतो: अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइड, खिन्नता, स्नायू आखडणं, कमी झालेला व्यायाम, काही औषधं. पहिल्या भागावर आपला इलाज तोकडा आहे. दुसऱ्यावर पुष्कळ काही करता येतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

सगळ्यांनाच चटका लावणारी गोष्ट इथे निघाली. डायमिथाइल फ्युमरेटने लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून बाईंची रक्ततपासणी ठरावीक महिन्यांनी होतच होती. फाइलमध्ये पाच रिपोर्ट होते. पाचही वेळा लिम्फोसाइटच्या आकड्याला पेनने गोल केलेला. त्याच कागदावर चार ओळी वर हिमोग्लोबिन होतं: 10.8, 10.3, 9.9, 9.6, 9.4. दीड वर्ष ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे जे आधी तपासायला हवं होतं, तेच एमएसच्या मोठ्या नावाखाली झाकलं गेलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, अवघं 6 निघालं. थायरॉइड ठीक होतं, जीवनसत्त्व ड कमी होतं.

पाळीत रक्तस्राव खूप होतो हे बाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांना पाळीबद्दल काय सांगायचं, असं त्यांना वाटलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. याने थकव्याच्या औषधाचा प्रश्नही थोडा सुटला, कारण मोडाफिनिल हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. लोहाच्या गोळ्या मात्र सोसल्या नाहीत. एमएसमध्ये बद्धकोष्ठ बऱ्याचदा असतं, त्यात भर पडली. शेवटी लोह सलाइनमधून दिलं. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन 11.9 झालं.

थकवा कमी झाला, पण फारसा नाही. गुण 55 वरून 50 वर आले. बाई हिरमुसल्या. मीही.

रात्रीची झोप आणि दिवसाचं पाणी

रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं हे पहिल्या भेटीतच कळलं होतं. एमएसमध्ये मूत्राशयाला घाई लागते हे पाठ्यपुस्तकात आहे, आणि मी त्यावरच थांबले असते. दिवसात पाणी कधी पिता हे विचारलं तेव्हा गोष्ट उलगडली. शाळेत शिक्षिकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, बाईंचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. तास सोडून खाली धावावं लागू नये म्हणून सकाळी दहापासून पाचपर्यंत बाई जेमतेम दोन घोट पाणी प्यायच्या. घरी आल्यावर तांब्याच्या तांब्या, वर दोन कप चहा. रात्रीची झोप त्यातच तुटायची.

लघवीचा संसर्ग नाही याची खात्री केली. लघवीनंतर मूत्राशयात किती उरतं ते सोनोग्राफीत पाहिलं, 35 मिली होतं, म्हणजे औषध द्यायला हरकत नव्हती. ते देण्यापूर्वी पाण्याची वेळ बदलली: बरंचसं पाणी सकाळी आणि दुपारी, संध्याकाळी सातनंतर अगदी थोडं, चारनंतर चहा नाही. उठणं चारवरून दोनवर आलं. पुढे मूत्राशयाची घाई कमी करणारं मिराबेग्रॉन दिलं. मूत्राशयाच्या बऱ्याच जुन्या औषधांमुळे डोकं जड होऊ शकतं, आणि बाईंची तक्रारच मुळात फळ्यापुढे डोकं न चालण्याची होती. महिन्याभरात रात्री एकदाच उठायची वेळ येऊ लागली.

दुसरा निर्णय: हा झटका आहे का?

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. एके दिवशी बाई साडेबाराला स्कूटीवरून घरी आल्या, तडक ओट्याशी पोळ्यांना उभ्या राहिल्या आणि अर्ध्या तासात उजव्या डोळ्यापुढे जुना धुरकट पडदा आला, डावा पाय फरफटू लागला. घरात रडारड. जवळच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या सलाइनची तयारी ठेवायला सांगितली. झटका असेल तर ते बरोबरच होतं.

मला फोन आला तेव्हा मी दोनच गोष्टी विचारल्या: ताप आहे का, आणि कूलरपुढे पडल्यावर काय होतं. ताप नव्हता. पाऊण तासाने फोन आला, डोळा स्वच्छ, पाय जवळपास पहिल्यासारखा. झटका म्हणण्यासाठी नवी किंवा वाढलेली लक्षणं किमान 24 तास टिकावी लागतात. ही तासाभरात विरली. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी 1890 मध्ये नोंदलं होतं की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. कारण उष्णता हे पुढे स्पष्ट झालं. आवरण गेलेल्या तंतूत संदेश आधीच कसाबसा पुढे सरकतो, आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो. एमआरआय येण्यापूर्वी रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान पक्कं करायची पद्धतही होती.

न्यूरॉलॉजिस्टशी बोलून स्टेरॉइड थांबवले, दोन दिवस लक्ष ठेवायचं ठरलं. लक्षणं परतली नाहीत. हा निर्णय फोनवर झाला याची रुखरुख मला अजून आहे. संसर्ग असता तर? दुसऱ्या दिवशी लघवी तपासली, ती स्वच्छ निघाली. पण ती तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी होती.

घरी जाऊन पाहिलं तेव्हा

मे महिन्यात, पारा 44 वर असताना, मी बाईंच्या घरी गेले. दोन महिने मी त्यांना "कामांमध्ये विश्रांती घ्या" असं सांगत होते, आणि ते घर मी पाहिलेलंच नव्हतं. स्वयंपाकघर पश्चिमेला, वर पत्रा, हवा बाहेर टाकणारा पंखा बंद पडलेला. कूलर हॉलमध्ये. म्हणजे घरातली सर्वांत उष्ण जागा आणि दिवसातली सर्वांत उष्ण वेळ या दोन्ही बाईंच्या वाट्याला.

त्या दुपारी एक साधी गोष्ट केली. चार वाजता, स्वयंपाकघरातून आल्या आल्या, बाईंना हॉलच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सहा फेऱ्या मारायला लावल्या. सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या. डाव्या पायाची चप्पल फरशीवर घासत होती. मग ओला दुपट्टा मानेभोवती, बर्फाचं पाणी थोडं थोडं, कूलरपुढे अर्धा तास. पुन्हा सहा फेऱ्या. चप्पल घासली नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "तो पंखा उद्याच दुरुस्त कर, अन् तिले दुपारी ओट्याशी उभी करू नको." तीन वेळा फोनवर मायलिन समजावून जे जमलं नव्हतं, ते त्या चपलेच्या आवाजाने झालं.

त्यानंतरचे बदल घरानेच ठरवले. पोळ्यांना एक मावशी ठेवल्या. सासूबाईंना ते आधी पटलं नव्हतं, मग मावशींना कणीक कशी मळायची हे त्याच सांगू लागल्या. भाजी निवडणं, चिरणं पंख्याखाली बसून. ओट्याशी उंच स्टूल. डब्यांची तयारी रात्री मुलीकडे आणि नवऱ्याकडे. आयात केलेलं थंडाव्याचं जॅकेट आम्ही विचारात घेतलं होतं, पण किंमत परवडणारी नव्हती, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत ओला दुपट्टा आणि कूलर चांगलं काम करतात. मुंबईच्या दमट हवेतल्या रुग्णाला मी हा सल्ला देणार नाही. तिथे पाणी उडतच नाही, बर्फाच्या थैल्या किंवा एसी लागतो.

माझी वही आणि बाईंचं कॅलेंडर

माझी सर्वांत ठळक चूक इथली. ऊर्जेचा हिशेब समजावा म्हणून मी बाईंना तासागणिक रकाने असलेली वही दिली: काम, वेळ, थकवा दहापैकी किती. बाई शिक्षिका. त्यांनी ती सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघा मारून, रोज रात्री अकरापर्यंत जागून भरली. थकव्याची नोंद थकवा वाढवत होती आणि मी मात्र वहीचं कौतुक करत होते.

तिसऱ्या आठवड्यात ती बंद केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झोपण्यापूर्वी एक ठिपका: हिरवा, पिवळा किंवा लाल. दोन महिन्यांत त्या ठिपक्यांनी वहीपेक्षा जास्त सांगितलं. गुरुवारच्या चौकोनात लाल ठिपका जवळपास ठरलेला. गुरुवारी बाईंचा उपवास. त्या दिवशी दुपारपर्यंत फक्त चहा, आणि रिकाम्या पोटी गोळी घेतली की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखं होतं म्हणून सकाळची गोळीच घ्यायची नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कोणी विचारलंही नव्हतं. उपवास सोडा असं मी म्हटलं नाही. सकाळी दही आणि शेंगदाणे खाऊन गोळी घ्यायची, दुपारी फराळ वेळेवर, यावर त्या स्वतः आल्या.

लाल ठिपक्यांची दुसरी जागा म्हणजे बऱ्या दिवसाचा दुसरा दिवस. बरं वाटलं की बाई साठलेली सगळी कामं उरकायच्या आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायच्या. यावर व्यायामाचा उपयोग झाला. एकेकाळी एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळायला सांगत. आता पुरावा उलट सांगतो: बेताचा, नियमित व्यायाम थकवा कमी करतो आणि त्याने झटके वाढत नाहीत. बाईंनी पहाटे गच्चीवर आठ मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. बरं वाटलं तरी आठच, वाईट वाटलं तर पाच. दर दोन आठवड्यांनी दोन मिनिटं वाढवली.

तिसरा निर्णय: शाळेत सांगायचं का?

यावर सर्वांत जास्त वेळ गेला. बाईंना भीती होती की संस्था त्यांना अपात्र ठरवून घरी बसवेल. पर्याय तीन होते: गप्प राहून रजा घेत राहणं, पर्समधला अर्ज देणं, किंवा मुख्याध्यापकांना सांगून ठरावीक सवलती मागणं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या 21 प्रकारांच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. त्या कायद्यात शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही शासकीय आस्थापनेत येतात, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून देणं बंधनकारक आहे. अडचण प्रमाणपत्राची होती. बाई नीट चालत असल्यामुळे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा निकष पुरा होण्याची शक्यता कमी होती. टक्केवारीत थकव्याला फारसं वजन मिळत नाही. पण फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेत लेखनिक मिळण्याच्या मागणीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की वाजवी सोयीचा हक्क 40 टक्क्यांवरच्यांपुरता मर्यादित नाही. हे कळल्यावर बाई सावरून बसल्या.

पत्रात आजाराचं वर्णन दोन ओळींत केलं आणि मागण्या चार: वर्ग तळमजल्यावर, गणिताचे तास मधल्या सुट्टीच्या आधी, सुट्टीनंतर एक मोकळा तास, आणि उन्हाळ्यातल्या बाहेरच्या कामांतून सूट. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र सोबत जोडलं. मुख्याध्यापकांनी पहिल्या तीन मान्य केल्या. चौथी आपल्या हातात नाही म्हणाले, आणि ते खरंही होतं. निवडणुकीच्या कामासाठी वेगळा अर्ज करावा लागला. वेळापत्रक करणाऱ्या सहकारी शिक्षकांनी एक गोष्ट स्वतःहून केली: मोकळ्या तासाला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकून ठेवली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हापासून बाई त्या तासात वीस मिनिटं आडव्या होतात.

काय निष्पन्न झालं

ऑक्टोबरपर्यंत आलेख चांगला होता. दिवाळीत मोडला. अंगात जरा बळ आलं म्हणून बाईंनी दोन दिवसांत चकल्या, शेव, दोन प्रकारचे लाडू असं सगळं केलं आणि भाऊबीजेपर्यंत अंथरुणात पडून राहिल्या. सणाचं नियोजन आम्ही केलंच नव्हतं. मी शाळेच्या दिवसांचा विचार करत राहिले, आणि आपल्या घरांत बाईमाणसावर सर्वांत मोठं ओझं सुट्टीत येतं हे मला घरच्या अनुभवावरून तरी सुचायला हवं होतं.

डिसेंबरमध्ये प्रश्नावलीचे गुण 39 झाले, सरासरी 4.3. म्हणजे थकवा अजून आहे. लाल ठिपके आठवड्याला चार-पाच होते, ते एक-दोनवर आले. हिमोग्लोबिन 12.4. नवा झटका नाही. बाई पूर्ण वेळ शिकवतात. औषधाचा विषय त्यांनी दोनदा पुन्हा काढला, दोन्ही वेळा चर्चा झाली आणि तूर्त नको असं त्यांनीच ठरवलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच भेटीत सगळे जुने रक्ताचे रिपोर्ट एका ओळीत मांडून वाचीन, फक्त ज्यासाठी तपासणी झाली तो आकडा नाही. पाळी, पाणी आणि उपवास, हे तीन प्रश्न तोंडाने विचारीन, छापील अर्जावर सोडणार नाही. घरी दोन महिन्यांनी गेले, ते दोन आठवड्यांत जाईन. खिन्नतेची प्रश्नावली मी जूनमध्ये भरून घेतली. गुण सौम्य आले आणि समुपदेशकाशी फोनवरच्या सहा बैठका झाल्या. पण राजीनाम्याचा अर्ज पर्समध्ये घेऊन आलेल्या बाईला ते प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते.

कशाने किती फरक पडला हे मला वेगळं काढता येत नाही. लोह, झोप, पोळ्यांच्या मावशी, सतरंजी, सगळं एकमेकांत गुंतलं. बाईंना विचारलं तर त्या सासूबाईंचं नाव पहिलं घेतात.

राजीनाम्याचा अर्ज त्यांनी फाडलेला नाही. तो कपाटात आहे, आणि तो तिथे आहे म्हणूनच शांतपणे शाळेत जाता येतं असं त्या म्हणतात. पुढची भेट फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठरवली आहे, ऊन चढायच्या आधी. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या तोवर बदलून ठेवायचं सासूबाईंनी अंगावर घेतलं आहे.